तरसाच्या जबड्यावरचा उजेड

भोपाळ,
फेब्रुवारी सरत आला, १९५८

प्रिय ताई,

पत्राच्या आरंभी ‘पत्रास कारण की’ असं लिहायचं असतं, हे शाळेनं मला शिकवलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक. ते कारण या खेपेला मी मुद्दाम मागे ठेवतोय. आधीच लिहिलं तर तू तेवढंच वाचशील आणि उरलेलं पत्र फडताळात टाकशील. आणि तुला ठाऊकच आहे, मला महालातून सीताबर्डीला जायचं असलं तरी मी इटारसीवरून जातो. एवढंच कर, हे पत्र एकटी असताना वाच. शेजारची कांचन जवळ बसली असेल तर तिला चहा टाकायला पाठव. पोरगी चहा बरा करते असं तूच लिहिलं होतंस. म्हणजे तिनंच लिहिलं होतं, तुझ्या वतीनं.

दमलोय ग. तसं झालेलं काही नाही. ताप नाही, खोकला नाही, खाणावळीतली पोळी अजूनही चामड्याचीच आहे. पण मानेच्या मागे कुणी खिळा ठोकून ठेवल्यासारखं वाटतं आणि डोळे मिटले तरी कवट्याच दिसतात. परवा हापिसात टेंबेसाहेब टोपी काढून डोकं पुसत होते, तर मी त्यांच्या कपाळावरच्या हाडाची शिवण कुठून जात असेल ते शोधत बसलो. ते म्हणाले, “काय पाहून राहिला बे?” मी म्हणालो, काही नाही साहेब, टोपी छान आहे. माणसांचं मांसच दिसेनासं झालंय मला. भाजीवाली हसली की आधी तिच्या दाढा मोजाव्याशा वाटतात. बिचारी हल्ली मला पाहून पदर तोंडावर घेते.

भोपाळ अजून राजधानी होतंच आहे. अरेराच्या टेकडीकडून दिवसभर मुरूम आणि दगडांच्या लॉऱ्या येतात, सगळ्या झाडांवर पांढरी धूळ बसलीय. नव्या क्वार्टरांत राहायला गेलेले आपले नागपूरचे लोक संध्याकाळी घोळक्यानं तलावावर येतात आणि तलावाकडे पाठ करून आपल्या अंबाझरी तलावाच्या गप्पा मारतात. मी मात्र जुन्या गावात, जुमेरातीतच आहे, मुन्ने मियाँच्या माडीवर. मागे लिहिलं होतं ना, टांगा आहे त्यांचा. घोडीचं नाव बेगम. मियाँ मला ‘पेंटर खाँ’ म्हणतात. इथे सगळेच खाँ, आपल्याकडे सगळेच राव असतात तसे. सकाळी खालून हाक येते, “को खाँ, क्या कर रिये हो?” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं. आपलं ‘काय करून राहिला’ आणि यांचं ‘क्या कर रिये हो’, दोघं सख्खे मावसभाऊ वाटतात. सरहद्द आखणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नसावं.

सरहद्दीवरून आठवलं. मियाँना आपल्या हाडांच्या वाटणीची गोष्ट एकदा सांगितली आणि फसलो. आता टांग्यात गिऱ्हाईक बसलं की ते मला वर बसवतात आणि म्हणतात, “पेंटर खाँ, वो शेर वाला किस्सा सुनाओ.” मग मी सांगतो. की नागपुरात एक ऑफिस होतं, सरकारी नाव लांबलचक, पण सगळं गाव त्याला हाडकांचं हापिस म्हणायचं. तिथे मध्य प्रांताच्या जंगलांतल्या जनावरांच्या कवट्या ठेवलेल्या. कवटी उकळून साफ केली की खालचा जबडा सुटा होतो, म्हणून कुणा जुन्या कारकुनानं प्रत्येक जनावराला दोन नंबर दिले. आधी कवटी, मग जबडा. वाघाची कवटी एक, वाघाचा जबडा दोन. अस्वलाची कवटी तीन, जबडा चार. असं शेवटपर्यंत. पुढे राज्य फुटलं, नागपूर मुंबईकडे गेलं, राजधानी भोपाळला आली, आणि टेबलं, खुर्च्या, कपाटं, सगळ्याची वाटणी करायला एक समिती बसली. समितीला हाडांतलं काही कळत नव्हतं, पण न्याय कळत होता. त्यांनी ठरवलं, भांडण नको, विषम नंबर भोपाळला, सम नंबर नागपूरला. आणि अशा रीतीनं सगळ्या कवट्या इकडे आल्या आणि सगळे जबडे तिकडे राहिले. मियाँ दर वेळी याच जागी लगाम ओढतात, मागे वळून गिऱ्हाइकाकडे बघतात आणि म्हणतात, “लो साब! सिर इधर, मुँह उधर. अब शेर बोलेगा काँ से?”

गिऱ्हाईक हसतं. मीही हसतो. टेंबेसाहेब मात्र अजून हसलेले नाहीत. त्यांनी लिहून लिहून बोटं झिजवली. उत्तर एकच, वाटणी अंतिम आहे. शेवटी तोडगा तूच काढलास. हाडं सरहद्द ओलांडू शकत नसतील तर कागद ओलांडेल. भोपाळात कागदाच्या वरच्या भागात कवटी काढायची, खाली जागा सोडायची, पत्र्याच्या नळीत घालून नागपूरला धाडायचा. नागपुरात त्या जागेत जबडा बसवायचा आणि कागद परत भोपाळला. निदान चित्रात तरी जनावर पुरं होईल. साहेब त्या दिवशी एवढे खूश झाले की त्यांनी स्वतःच्या पैशांनी जिलबी मागवली. आणि चित्रकाराची जागा दोन्हीकडे एकेकच, तेव्हा तू मला रंगाची पेटी देऊन गाडीत बसवलंस. म्हणालीस, “कवट्या तू सांभाळ, जबडे मी सांभाळते. आणि इटारसीला उतरून भलतीकडे जाऊ नकोस.”

खरं सांगू? उतरलो होतो. फलाटावर उभा राहून मुंबईच्या गाडीकडे बघत होतो. मग पेटीचं कडं हाताला काचलं आणि परत डब्यात चढलो. पेटीवर तुझं नाव होतं. ती घेऊन पळालो असतो तर चोरी झाली असती.

मी कुठंच टिकलो नाही हे काही मला कुणी सांगायला नको. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, लॉरीच्या मागे ‘फिर मिलेंगे’ लिहिलं, रायपूरला एका नाटक मंडळीत पडद्यावर राजवाडा काढला तर त्याचे खांब वाकडे म्हणून हाकललं. प्रत्येक वेळी घरी आलो की तू काही न विचारता पाट मांडायचीस. एकदाच बोललीस, “तुझ्या पायाची भिंगरी कुणी सोडवणार असेल तर हाडंच सोडवतील. ती हलत नाहीत.” आणि दुसऱ्या दिवशी मला हापिसात नेऊन नीलगाईच्या कवटीसमोर बसवलंस.

त्या खोलीचा वास अजून नाकात आहे. चुन्याचा, कापराचा आणि कसलातरी जुन्या उन्हाचा. तुझं टेबल उत्तरेच्या खिडकीला लागून, खिडकी तुझ्या डाव्या हाताला. मी पहिल्यांदा हाड पांढरं रंगवलं होतं. तू एक कोरा कागद कवटीशेजारी धरलास. कागद पांढरा होता. हाड नव्हतं. हाडात गेरू होता, हळद होती, शेवाळ होतं, दातांच्या मुळाशी चहाचे डाग होते. साळिंदराचे पुढचे दात तर चक्क शेंदरी, मला वाटलं कुणी रंगवलेत. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतातच, तिथून ते वाळवी ओढून घेतं, हे तू सांगितलंस तेव्हा मी अर्धा दिवस दातांच्या फटीतून हवा ओढत हिंडलो आणि चित्र राहिलंच.

तुझे नियम दोनच होते. पहिला, उजेड नेहमी डावीकडून, वरून. पट्टी टेबलावर आपटून विचारायचीस, “उजेड कुठून?” आणि मी पाढा म्हणावा तसं म्हणायचो, “डावीकडून, ताई.” एकदा वैतागून विचारलं, उजवीकडून आला तर काय सूर्य बुडतो? तेव्हा तू ब्रश खाली ठेवून समजावलंस. आपण उजव्या हातानं काढतो. उजेड डावीकडून आला तर हाताची सावली कामावर पडत नाही. मुळात एवढंच, यात शास्त्र नाही, सोय आहे. पण सगळ्या जगानं ती सोय धरली आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला तीच सवय झाली, म्हणून ते शास्त्र झालं. आता उलटा उजेड दाखवला तर बघणाऱ्याला खळग्याच्या जागी उंचवटा दिसतो. दुसरा नियम, जे समोर दिसतं तेच काढायचं. सावली मनानं टाकायची नाही. मी नीलगाईच्या डोळ्याच्या खोबणीत शोभेसाठी एक चमक टाकली होती. तू ओला बोळा घेऊन ती पुसलीस, आणि तिच्याबरोबर माझी सबंध सकाळ. म्हणालीस, “हे जनावर मेलंय नरू. आता त्याच्याबद्दल खोटं बोललं तर ते येऊन सांगू शकत नाही.”

तर आता कामाचं. तुझ्याकडचे सांबराचे, अस्वलाचे, चितळाचे जबडे आले ते असे बसले की टेंबेसाहेब चष्मा वर करून सांधा शोधत राहिले. वरचं माझं आणि खालचं तुझं हे कळू नये असं. खोटं कशाला बोलू, कळत होतं, पण माझ्या बाजूनं. मग दिवाळीच्या आसपास नळी यायची थांबली. पत्रं येत होती, कांचनच्या अक्षरात. ‘कांचनचं अक्षर सुधारावं म्हणून तिच्याकडून लिहून घेते.’ ठीक. भाऊबीजेला पार्सल आलं, त्यात बिनबाह्यांचा स्वेटर. ‘यंदा अशीच फॅशन आहे.’ ठीक. मी तो घालून मिरवलो, मियाँ म्हणाले, “खाँ, आस्तीन का साँप तो सुना था, याँ तो आस्तीनइ नईं.” करंज्या होत्या, त्या गावातल्या हलवायाच्या होत्या, तळाशी त्याच्या दुकानाचा कागद होता. तेही ठीकच वाटलं. हापिसातून येऊन करंज्या करत बसणार कोण? हे सगळं मी एकेक करून ठीक म्हणत गेलो. सलग लावून बघण्याची मला सवय नाही.

मग साळिंदर आलं. जबड्याची रेघ थरथरत होती. रंग तुझेच, दात तसेच शेंदरी, पण कड अशी, जशी टांग्यात बसून काढावी. मी म्हटलं, घाई झाली असेल. मुंबईची माणसं मार्चमध्ये हापिस बघायला येणार म्हणून तू लिहवलं होतंसच. हापिस ठेवायचं की गुंडाळायचं आणि चित्रकाराची जागा कायम करायची की नाही, हे ती चित्रं बघून ठरवणार आहेत. त्या जागेवर तू किती वर्षं ‘तात्पुरती’ आहेस ते मी लिहीत नाही. तेव्हा धांदल असणार, मी म्हटलं.

संक्रांतीनंतर तरस आलं.

नळी उघडली तेव्हा साहेब शेजारीच होते. कागद टेबलावर पसरला. वर माझी कवटी, माथ्यावरची ती उंच कड, उजेड डावीकडून. खाली तुझा जबडा. रेघ या वेळी थरथरलेली नव्हती. जरा जाड होती, सावकाश ओढलेली, पण ठाम. हाडं फोडणाऱ्या त्या दाढा अशा काढल्यास की बोट लावायला भीती वाटावी. आणि उजेड उजवीकडून. जबड्याच्या डाव्या अंगाला सावली, उजव्या अंगाला ऊन. जनावर जणू दोन खिडक्यांच्या मध्ये सापडलं होतं, डोकं एका खिडकीकडे आणि तोंड दुसरीकडे.

साहेबांनी चष्मा वर केला. मग म्हणाले, “तुझ्या बहिणीला विचार, नागपुरात सूर्य आता मावळतीला उगवतो काय?” मी हसलो, ते हसले नाहीत. म्हणाले, “शशिकलाबाईंच्या हातून हे होत नाही रे. मला हे परत पाठवावं लागेल, शेरा मारून. आणि शेरा नागपूरच्या दप्तरात जाईल. मुंबईवाले पहिल्यांदा तेच उघडतील.” मी म्हटलं, साहेब, सोमवारपर्यंत थांबा. ते म्हणाले, “सोमवारनं काय होणार?” मला फक्त तो शेरा सोमवारच्या पलीकडे ढकलायचा होता.

कागद घरी आणला. पहिल्यांदा तुझ्यावर रागावलो. मग वाटलं, तुझी गंमत असेल. मग एक भलतंच सुचलं की तुझा जबडा हलक्या हातानं धुवावा आणि सावली दुसऱ्या बाजूला मीच टाकावी. ब्रश ओलाही केला. पण जबडा माझ्यासमोर कुठे होता? तो नागपुरात. सावली मनानं टाकावी लागली असती आणि दाढेखालचा खळगा टेंगूळ झाला असता. ओला ब्रश तसाच पेल्यात उभा केला.

रविवारी सकाळी, चांगलं ऊन असताना, मी ठरवलं की निदान हे झालं कसं ते तरी बघू. हापिसातून तरसाची कवटी मागून आणली होती. चौकीदार म्हणाला, घरी कशाला नेता, बायको नाही म्हणून? असो. टेबल फिरवलं, खिडकी उजव्या हाताला घेतली आणि काढायला बसलो. जमेना. माझ्या हाताची सावली नेमकी ब्रशच्या टोकावर. कुठे रंग पडतोय तेच दिसेना. मान वाकडी केली, कागद तिरका केला, कोपर उचलून धरलं. एवढं करून कुणी चित्र काढेल कशाला? खिडकी कुठल्या बाजूला घ्यायची हे ज्या बाईनं मला पट्टी आपटून शिकवलं, ती आपण होऊन अशी बसेल कशाला? वैतागून ब्रश डाव्या हातात घेतला.

सावली गेली. कागदावर लख्ख ऊन. 

रेघ जाड आली. सावकाश ओढावी लागली.

खाली मियाँ बेगमला खरारा करत होते आणि तिच्याशी काहीबाही बोलत होते. मग कांचनचं अक्षर आठवलं. बिनबाह्यांचा स्वेटर आठवला. हलवायाचा कागद आठवला. या खेपेला सगळं सलग लागलं. साळिंदराच्या वेळी तू उजव्याच हाताशी भांडत होतीस. तरसाच्या वेळी तू त्याचा नाद सोडलास, उठलीस, खुर्ची टेबलाच्या पलीकडे नेलीस आणि पहिलीपासून सुरुवात केलीस.

उजेड उलटा पडलाय हे तुला दिसलं नसेल असं मी एक क्षणही मानत नाही. माझी कवटी डोळ्यांसमोर होती तुझ्या. पण दोन नियमांतला एकच पाळता येत होता, तेव्हा तू दुसरा पाळलास. जे दिसलं तेच काढलंस. शेरा येईल हे ठाऊक असून काढलंस. मी असतो तर चार सावल्या मनानं टाकून मोकळा झालो असतो.

काय झालं, कसं झालं, हे मी विचारत नाही. हात मोडला, भाजला, की कुठल्या शिरेनं दगा दिला, डॉक्टर काय म्हणाला, काही विचारत नाही. तू का सांगितलं नाहीस तेही विचारत नाही, कारण ते मला कळलंय. सांगितलं असतंस तर मी त्याच गाडीनं निघालो असतो. साऱ्या जन्मात मला नोकरी सोडायला एवढं चांगलं कारण मिळालं नव्हतं. आणि तुला तेच नको होतं. कांचनच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ एकच असायची, ‘नोकरी सांभाळ’. ते अक्षर तिचं होतं पण वाक्य तुझं होतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

सोमवारी साहेबांकडे गेलो. त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. एक तुझा तरसाचा, आणि एक मी रविवारी डाव्या हातानं काढलेली तरसाची कवटी, उजेड उजवीकडून. वाकडी होती. नाकाचं हाड तर पुरतं घसरलेलं. मी म्हटलं, साहेब, ही नीट करतो, उजव्या हातानं, चार दिवसांत. आणि यापुढच्या सगळ्या कवट्या अशाच काढतो, उजवीकडच्या उजेडात. वर आणि खाली उजेड एक असला म्हणजे झालं ना? साहेबांनी तो वाकडा कागद उचलला, उजेडाकडे धरला, आणि माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. तो धडधाकट होता. टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. म्हणाले, “शिरस्ता मोडतो आहेस. कोपऱ्यात एक बारीक बाण काढत जा, उजेड कुठून ते कळायला. आधीच्या पानांवर डावा, तरसापासून उजवा. मग कुणाच्या बापाची हरकत नाही.” आणि मी दारापाशी पोचलो तेव्हा म्हणाले, “बाईंना कळव, तरस फार चांगलं उतरलं आहे.” शेरा त्यांनी मारलाच नाही.

तेव्हापासून मी बसलोय, ताई. हा थकवा त्याचा आहे. राहिलेल्या सगळ्या कवट्या मी आधीच काढून ठेवल्या होत्या, जबडे यायची वाट बघत. त्या साऱ्या पुन्हा. वाघ, रानडुक्कर, कोल्हा, नीलगाय, रानकुत्रा. खिडकी उजवीकडे, आणि माझा हात उजवाच, त्यामुळे सावली सतत ब्रशवर. कोपर उचलून काढतो, मान तिरकी ठेवून काढतो. खिळ्याचं कारण ते. मध्ये इथे एक सर्कस आली होती, तंबू तलावाच्या बाजूला. मॅनेजर आपल्या सांगलीकडचा. पडद्यावर वाघ रंगवायला माणूस हवा होता, बरोबर हिंडायचं, आज उज्जैन, उद्या अजमेर. मला बोलावलं, चहा पाजला, जुना वाघ दाखवला. वाघाच्या तोंडात सुसरीएवढे दात होते. मी म्हटलं, मालक, यातले अर्धे काढायला हवेत. तो म्हणाला, “अरे, लोक दात बघायलाच येतात. केव्हा निघतोस?” आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, मला वेळ नाही, माझं रानडुक्कर ओलं आहे. बाहेर आलो तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. मियाँना सांगितलं तर ते म्हणाले, “लो! पेंटर खाँ तो खूँटे से बँध गए.” बेगमनंही मान हलवली.

तेव्हा आता ते मागे ठेवलेलं पत्रास कारण. या पत्राबरोबर पत्र्याची नळी येते आहे, जाडजूड आहे, पोस्टमन कुरकुरेल. तिच्यात सगळे कागद आहेत, तरसाचाही. तरसाची नवी कवटी तुझ्याच जबड्याच्या मापानं वेगळ्या कागदावर काढून वरच्या जुन्या कवटीवर अशी बसवली आहे की सांधा दिसू नये. साहेब चष्मा वर करून शोधत होते, सापडला नाही. बाकीच्यांवर वर कवटी आहे, उजेड उजवीकडून, कोपऱ्यात बाण आहे, आणि खाली जागा सोडलेली आहे. मुंबईची माणसं आली की त्यांच्यापुढे हे सबंध ठेव. कुणी विचारलं उजेड असा का, तर सांग, भोपाळची पद्धत आहे, तिथला चित्रकार चमत्कारिक आहे. घाई करू नकोस, रेघ जाड आली तरी येऊ दे, मी माझी जाड केली आहे. मी येत नाही. पायांना वळवळ सुटत नाही असं नाही, पण मी आलो तर इथे कवट्या कोण काढणार, आणि कवट्या नाहीत तर तुझे जबडे कशाला बसणार? तेव्हा तू नोकरी सांभाळ. मीही सांभाळतो. फक्त एक मागणं, ताई. कांचनचं अक्षर खरंच सुधारलं आहे, तिला शाबासकी दे आणि आता सुट्टी दे. पुढचं पत्र तुझ्या हातचं येऊ दे. दोनच ओळी का असेनात, वाकड्या का असेनात.

कुठल्याही हाताच्या.

तुझाच, खिडकी उजवीकडे घेऊन बसलेला,
नरू